धोका कोणी ठरवायचा?

आगीपासून बचावाचे नियम मीटर, जिने आणि पाण्याच्या टाक्यांची भाषा बोलतात. पण त्यांच्या मुळाशी नीतीचा प्रश्न आहे: एखाद्या वस्तीने किती धोका चालवून घ्यावा, हे ठरवण्याचा अधिकार जाणकारांचा, की तिथे राहणाऱ्यांचा?

जूचंद्रपुरते पाहिले तर पहिले उत्तर कायद्याने दिले आहे. हे गाव वसई-विरार महापालिकेत येते, पण पालिका अग्निसुरक्षेचा कायदा स्वतः रचत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा राज्याचा. इमारतींची उंची, मोकळी जागा, रस्ते ठरवणारी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीही राज्याचीच, डिसेंबर २०२० मधली. त्यात रहिवाशांना वाट मिळते ती ‘हरकती व सूचनां’ची. नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार आराखड्यात फेरबदल करताना जाहीर सूचना निघते, हरकतींसाठी महिन्याची मुदत असते, सुनावणी होते आणि मग प्रस्ताव शासनाकडे जातो. ऐकून घेणे बंधनकारक, मान्य करणे नाही. शिवाय वसई-विरारमध्ये २०२० साली सभागृहाची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हा नगरसेवकामार्फत बोलण्याची वाटही नव्हती.

रहिवाशांच्या बाजूचा एक जुना युक्तिवाद ॲरिस्टॉटलचा आहे. घर कसे आहे हे बांधणाऱ्यापेक्षा वापरणाऱ्याला जास्त कळते, असे तो ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हणतो. यात तथ्य आहे. जिन्याखाली मोटारसायकली लागतात, गच्चीच्या दाराला कुलूप असते, गल्लीच्या कोणत्या वळणावर अग्निशमनाचा बंब अडेल, हे नकाशात दिसत नाही. तिथे राहणाऱ्याला ठाऊक असते.

पण हा युक्तिवाद आगीपाशी लंगडा पडतो. घराचा अनुभव रोजचा असतो, आगीचा बहुतेकांना कधीच नसतो. उलट रोज काही घडत नाही, म्हणून कुलूप निर्धोक वाटू लागते. त्याहून मोठी अडचण अशी की ज्याला झळ बसते तो सुनावणीला हजर असेलच असे नाही. २३ एप्रिल २०२१ रोजी विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून किमान १३ कोविड रुग्ण दगावले. त्यांची संमती कोणी, कधी घेणार होते? स्वतःच्या घरातला धोका माणूस पत्करू शकतो. पाहुण्याचा, भाडेकरूचा, उद्या राहायला येणाऱ्याचा धोका त्याने परस्पर पत्करणे ही संमती नव्हे.

यात्रेत हे अधिकच ठळक होते. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या आणि तीनशेच्या आसपास भाविक गेले. देवस्थान आणि दुकानदार यांचा सल्ला घेता येतो. दुरून आलेल्या भाविकाचा कसा घेणार? जूचंद्रच्या टेकडीवरील चंडिकादेवीलाही नवरात्रात गर्दी लोटते, आणि तिथेही चढण्या-उतरण्याची वाट हाच कळीचा मुद्दा ठरतो.

अशा ठिकाणी नियम आला की श्रद्धेत ढवळाढवळ झाल्याची तक्रार होते. ती फारशी टिकत नाही. वैदिक होमात कुंडाचे माप ठरलेले असते आणि अग्नीभोवती पाणी शिंपडण्याचा, पर्युक्षणाचा, विधी असतो. ज्याची पूजा करायची त्या अग्नीला सीमा घालण्यात परंपरेला कधी अपमान वाटलेला नाही.

मग लोकांच्या सल्ल्याला जागा कुठे? सुरक्षेची किमान पातळी ठरवण्यात नव्हे, ती कशी गाठायची हे ठरवण्यात. बंब कोणत्या रस्त्याने न्यायचा, दुकाने वाटेपासून किती मागे लावायची, सिलिंडर कुठे ठेवायचे, रात्री गच्चीची किल्ली कोणाकडे असावी, हे गावाने सांगावे. बाहेर पडायला दुसरी वाट हवी की नको, यावर मात्र मतदान होऊ शकत नाही. इमारतीतील यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये देण्याची जबाबदारी २००६ च्या कायद्याने मालक किंवा भोगवटादारावर टाकली आहे. ते कागदापुरते आहे की खरे, हे शेजारी सर्वांत आधी ओळखतो. सूचनांची मुदत महिन्याने संपते. ही नजर बारमाही उपयोगी पडते.