बिनसनदीचा चेहरा

जो माणूस कधी जन्मलाच नाही, त्याचा फोटो असू शकतो का? वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न ऐकून आपण हसलो असतो. २०१९ साली इंटरनेटवर एक संकेतस्थळ निघाले. ते उघडावे तेव्हा नवा चेहरा दिसे आणि त्यातला एकही माणूस जगात नव्हता. २०२२ पासून तर चार शब्द लिहिले की चित्र काढून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. आज आमच्या राणीसावरगावातही मोबाईलवर असा चेहरा क्षणात तयार होतो.

यंत्राला कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर दाखवलेला असतो. चित्रावर ठिपक्यांची धूळ पसरवली तर ती कशी झाडायची, हे ते शिकते. मग निव्वळ धुळीपासून सुरुवात करून आपल्या शब्दांना साजेसे रूप ते झाडून काढते. त्याने कोणाला पाहिलेले नसते. ते फक्त अंदाज बांधते.

तसवीर काढावी की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. 'अल्-मुसव्विर', म्हणजे रूप देणारा, हे अल्लाहचेच एक नाव. त्या वादाचा निवाडा उलेमांनी करावा. आम्हाला येथे दुसराच प्रश्न पडतो, तो खरेपणाचा. आमच्या तालुक्याचे गाव गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. जनाबाई दळत आहेत आणि विठ्ठल जात्याला हात लावतो आहे, असे चित्र घरोघर आढळते. जनाबाईंचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, तरी ते चित्र खोटे नाही. कारण ती चित्रकाराची भक्ती आहे, हे पाहणारा जाणतो. कल्पना कल्पनेच्या वेषात आली तर ती कोणाला फसवत नाही. फोटोच्या वेषात आली की ती साक्ष देऊ लागते.

हे आपल्याला जिव्हारी लागावे असे उदाहरण फातिमा शेख यांचे आहे. सावित्रीबाई फुले आजारपणात माहेरी असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात फातिमाचा उल्लेख येतो. तिला त्रास होत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाचा. सावित्रीबाईंसोबत बसलेल्या एका स्त्रीचा जुना फोटो फातिमाबींचा म्हणून छापला जातो. ती स्त्री त्याच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जानेवारी २०२५ मध्ये एका ज्येष्ठ पत्रकाराने जाहीर केले, की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले. तेव्हा त्या पत्राचाच आधार घेऊन अनेकांनी उत्तर दिले.

'एकोणिसाव्या शतकातील पुण्याची मुस्लिम शिक्षिका' अशी सूचना आम्ही यंत्राला चार वेळा दिली. चार निरनिराळ्या स्त्रिया आल्या. चौघीही तितक्याच खऱ्या वाटाव्यात अशा. 'मुस्लिम' हा शब्द असला की जाळीदार ओढणी, डोळ्यांत सुरमा आणि मागे मिनार. तो शब्द काढला की तिन्ही गायब. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी आजींचे आयुष्य लुगड्यात गेले. त्या आजी यंत्राच्या अंदाजात कुठेच नव्हत्या. म्हणजे जे रूप आले ते फातिमाबींचे नव्हते. जगाने मुसलमान बाईविषयी करून ठेवलेल्या समजुतीचे ते रूप होते.

कोणी म्हणेल, मुलींपुढे आदर्श ठेवायचा तर चेहरा हवाच. चेहरा नसला की नाव विसरले जाते. हा आक्षेप हलका नाही. भिंतीवरच्या तक्त्यात फातिमाबींच्या नावापुढे रिकामी चौकट पाहून मुलींचे समाधान होत नाही, हे आम्हीही जाणतो. पण विचार करा. ज्यांच्या अस्तित्वावरच शंका घेतली जाते, त्यांच्यासाठी आपणच बनावट फोटो पुढे केला तर काय होईल? तो बनावट आहे हे दाखवायला मिनिटभर पुरेल. मग त्याच्यासोबत ते खरे पत्रही लोकांच्या नजरेतून उतरेल. खोटी गवाही खऱ्या दाव्यालाही बुडवते. आपल्या दीनमध्ये तिची गणना मोठ्या गुनाहांत होते, ती उगाच नाही.

आपल्या परंपरेत याचा तोडगाही आहे. हदीस नुसती ऐकून स्वीकारत नाहीत. कोणी कोणाकडून ऐकली, ही साखळी म्हणजे सनद तपासतात. कडी तुटली की रिवायत जईफ ठरते, मग ती कितीही गोड असो. रसूलुल्लाहांची तसवीर आपल्याकडे नाही. तरी त्यांचे चालणे, बोलणे, हसणे शमाइलच्या ग्रंथांतून सनदीसह आपल्यापर्यंत पोहोचले. चेहऱ्यावाचून प्रेम कमी झाले नाही.

म्हणून मुलींनी पेन्सिल घेऊन आपापल्या फातिमाबी जरूर काढाव्यात आणि खाली आपले नाव लिहावे. २०२२ साली ९ जानेवारीला गुगलनेही त्यांचे रेखाचित्रच केले होते. ते फोटो असल्याचे सोंग नव्हते. यंत्राकडून काढलेच तर 'हे यंत्राने कल्पिलेले' अशी ओळ चित्रावरच असावी. चित्र फिरत राहते, खुलासा मागे राहतो.

फातिमाबींचा चेहरा आपल्याकडे नसेल. त्यांच्या कष्टाची नोंद करणारी सोबतीण आपल्याकडे आहे. त्या नोंदीच्या आधाराने जुने कागद, दफ्तरे, पेट्या धुंडाळणे हे काम सूचना लिहिण्याइतके सोपे नाही. पण तेच आपले काम आहे.