रोजच्या वाटेवरची साक्ष

पौल अथेन्सला पोहोचला तेव्हा शनिवारची शिकवण सभास्थानात झाली. पण बाजारपेठेत तो रोज जात असे आणि जो भेटेल त्याच्याशी बोलत असे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात हे जाता जाता नोंदलेले आहे. पुढे करिंथला तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवत बसला. हातात काम, शेजारी माणसे आणि तोंडी ख्रिस्ताची गोष्ट, असा त्याचा दिवस जाई.

आपण ख्रिस्ती लोकांनी मात्र सुवार्तेला संजीवन सभेच्या मांडवात नेऊन बसवले आहे. वर्षातून तीन दिवस मोठा ध्वनिक्षेपक, बाहेरगावचा वक्ता, पत्रकांचा गठ्ठा. आणि एरवी शेजारच्या बिऱ्हाडाला आपण ‘नाताळवाले’ एवढेच ठाऊक. सभा वाईट नसतात. पण वक्ता दुसऱ्या दिवशी निघून जातो. त्याने सांगितलेले खरे की खोटे हे गाव कशावरून ठरवणार? ते ठरते आपल्याकडे पाहून, आणि आपण तर रोज समोर असतो.

माझी आई कधी कुणाला उपदेश करायला गेली नाही. तिचे जाणे-येणे मात्र चाळीतल्या प्रत्येक घरी. दिवाळीत फराळाची ताटे आमच्याकडे येत, नाताळात करंज्या-चकल्यांची आमची ताटे घरोघर जात. एका उपवासकाळात शेजारच्या काकू आईबरोबर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सरळ विचारले, “तो देव होता ना, मग त्याला स्वतःला वाचवता आलं नाही का हो?” आईचे हात सुपातच होते. म्हणाली, “आलं असतं. पण मग आपल्या मरणापर्यंत तो कसा पोचला असता?” एवढेच. पुढे काकूंच्या यजमानांचे ऑपरेशन ठरले तेव्हा त्या स्वतःहून म्हणाल्या, तुमच्या देवाला सांगा. आईने त्यांना विचारून, त्यांच्यासमोर, यजमानांचे नाव घेऊन प्रार्थना केली. काकूंचा देव्हारा होता तिथेच राहिला. तरीही आईने येशूची साक्ष दिली, पुरेपूर दिली, असे मी मानतो.

मराठीत या रोजच्या साक्षीचा सर्वांत मोठा दाखला कवी नारायण वामन टिळकांच्या घरात आहे. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने गप्पांच्या ओघात त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थबकले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. संसार मोडला, वर्षे ताटातुटीत गेली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे कायम होते आणि टिळकांनी ते मोडायला लावले नाही. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या आपल्या आपण झुंजल्या. उत्तर सापडले तसे कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या, आणि १९०० साली ख्रिस्ती झाल्या. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की या बाईने नवऱ्याचा संताप, हट्ट, घरातले उचलून दुसऱ्याला देऊन टाकण्याची सवय, सारे जवळून सोसले होते. टिळकांच्या कविता लोक वाचत. लक्ष्मीबाई टिळकांना वाचत होत्या. दोष डोळ्यांसमोर असूनही त्या माणसाचा ख्रिस्त त्यांना खरा वाटला. इतकी कडक परीक्षा कुठल्याच व्यासपीठावर होत नाही.

रोजची साक्ष चिकाटीच्या कामातूनही दिली जाते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ते बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यासाठी. सुमारे दीड तप त्या या कामाला जुंपून होत्या. १९२२ साली त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. सातत्य म्हणतात ते हे.

आता एका अवघड गोष्टीविषयी. दुष्काळात मिशनच्या दाराशी आलेल्या भुकेल्यांच्या बाप्तिस्म्यावर संशय घेतला गेला, आजही घेतला जातो. आपण त्यावर चिडू नये. तो संशय दूर ठेवणे आपल्याच हाती आहे. राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क देते. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. मला यात जाच वाटत नाही. मन पालटणे हे देवाचे काम, असेच आपणही मानतो ना? १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा उभा केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी.

म्हणून जो आपल्यावर अवलंबून आहे त्याच्यापाशी जपून बोलावे. मालकाने नोकराला, शिक्षकाने विद्यार्थ्याला, उसने देणाऱ्याने घेणाऱ्याला ख्रिस्त सांगू लागणे मला पटत नाही. समोरच्याला ‘नको’ म्हणण्याची सोय राहत नाही. माझ्या ओळखीच्या एक परिचारिका सकाळी ड्यूटीवर निघण्यापूर्वी वॉर्डातल्या रुग्णांची नावे घेऊन प्रार्थना करतात. खाटेपाशी त्या औषध, सलाईन आणि धीर यांपलीकडे जात नाहीत. कुणा नातेवाइकाने विचारलेच, की सिस्टर, एवढी शांती कुठून आणता, तर म्हणतात, “माझी पाळी दोनला सुटते. खरंच ऐकायचं असेल तर कँटीनमध्ये या, मी सांगते.” काही येतात, बरेचसे येत नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही रुग्णाचे अंग त्या तितक्याच निगुतीने पुसतात.