फुकटचा डाव

"आत्या, फुकट खेळून खेळून माझा हात बिघडला बघ."

दिवाळीत भाचा बेळगावला आला होता. मी कडबोळी वळत होते आणि तो समोर पाटावर बसून मोबाइलशी खेळत होता. मला आधी वाटलं, कॅरमबद्दल बोलतोय. मग कळलं, पोकर! इंटरनेटवरच्या स्पर्धा, प्रवेश फुकट, जिंकलं तर थोडंफार बक्षीस, हरलं तर काहीच जात नाही. पूर्वी हा पैसे लावून खेळायचा, हेही त्याच ओघात कळलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सगळेच बंद झाले. उरलं ते फुकटचं. आणि त्यानं म्हणे हात बिघडतो.

बोलणं तिथंच थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण पुढं तो म्हणाला, "भाऊबीज झाली की दोन दिवस पणजीला जाऊन येतो. मांडवीतल्या कसिनोत खरं टेबल असतं. पप्पांनी विचारलं तर सांग की, तुझ्याकडंच आहे म्हणून."

आमच्या घरात पत्त्यांची जोड कधी आली नाही. बस्तीतल्या पाठशाळेत लहानपणी सात व्यसनं घोकून घेतली होती, त्यांत पहिलं नाव द्यूताचं आणि उदाहरण पांडवांचं. तेव्हा त्याला तिथल्या तिथं झापणं मला सोपं होतं. पण त्याच्या पहिल्या वाक्यानं मी अडकले. फुकट खेळल्यानं कौशल्य बिघडतं, हे खरं आहे का? खरं असेल, तर त्याचा अर्थ काय? कुठलीही विद्या शिकायला काहीतरी गमवावंच लागतं का? म्हटलं, "आधी मला शिकव. मग पप्पांना काय सांगायचं ते बघू."

चार दिवस दुपारची भांडी आवरल्यावर आम्ही दोघं बसलो. खेळ असा. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक. या सातांतून पाचांचा चांगल्यात चांगला संच लावायचा. प्रत्येक टप्प्यावर चिप्स लावायच्या, वाढवायच्या, नाहीतर पानं टाकून बाजूला व्हायचं. त्याला फोल्ड म्हणतात. सगळ्याच चिप्स एकदम पुढं ढकलल्या की ऑल-इन. हातात काही नसताना आहे असं दाखवून दुसऱ्याला पानं टाकायला लावणं म्हणजे ब्लफ, आपल्या भाषेत थाप.

फुकटच्या स्पर्धेत काय होतं ते पहिल्याच दुपारी बघितलं. पहिला डाव वाटला जातो न जातो तोच चार जणांनी सगळ्या चिप्स पुढं लोटल्या. पानंसुद्धा धड बघितली नसतील. हरले तर उठून दुसऱ्या स्पर्धेत जातील, जिंकले तर बसतील. त्यांचं काय जाणार?

"बघितलंस?" भाचा म्हणाला. "इथं काय शिकायचं?"

त्यानं हिशोबही मांडून दाखवला. दोन पानांच्या एकूण १३२६ जोड्या होतात, त्यांत दोन एक्क्यांच्या फक्त सहा. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा ही जोडी हाती येते. याहून चांगली सुरुवात नाही. समोर एकच माणूस कुठलीही पानं घेऊन असेल, तर हे एक्के शंभरातले सुमारे पंचाऐंशी वेळा जिंकतात. पण असे चार जण एकदम उतरले, तर छप्पनच्या आसपास वेळा. म्हणजे तासभर धीर धरून बसलात, सर्वात चांगली पानं आली, बरोबर खेळलात, तरी जवळजवळ निम्म्या वेळा हराल. आणि ज्यानं डोळे मिटून चिप्स लोटल्या, तो अधूनमधून जिंकेल. बरोबर वागणाऱ्याला शिक्षा आणि बेफिकिराला बक्षीस, अशा शाळेत पोर काय शिकेल, हा भाच्याचा मुद्दा. मला तो पटला.

मला आमच्या मे महिन्याच्या सुट्ट्या आठवल्या. घरात नसली तरी शेजारी पत्त्यांची जोड होती. झब्बू, पाच-तीन-दोन चालायचं आणि पैशांच्या जागी चिंचोके. सुट्टीच्या सुरुवातीला चिंचा फोडायचं काम निघालेलं असायचं, फ्रॉकचे खिसे भरलेले, तेव्हा आम्ही वाटेल तसे चिंचोके लावायचो. महिना सरत आला की मूठभर उरायचे. मग प्रत्येक चिंचोका लावताना हात थबकायचा. चिंचोक्याची किंमत दोन्ही वेळा शून्यच. खेळ मात्र बदलायचा. तेव्हा खेळात शहाणपण आणतो तो पैसाच, असं मला वाटत नाही. 'एवढंच आहे' ही जाणीव ते आणते.

भाच्यानं मग पोकरच्या जगातल्या दोन गोष्टी सांगितल्या. पहिली नॉर्वेच्या अॅनेट ओब्रेस्टाड हिची. पंधराव्या वर्षी तिनं इंटरनेटवर खेळायला सुरुवात केली, फुकटच्या स्पर्धांमधून. स्वतःचे पैसे कधी भरलेच नाहीत, जिंकलेल्या किरकोळ रकमेवरच पुढं गेली असं ती सांगते. २००७ मध्ये लंडनला युरोपातली मोठी स्पर्धा तिनं जिंकली, दहा लाख पौंडांची. एकोणिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. त्याच वर्षी ती १८० जणांच्या एका लहान ऑनलाइन स्पर्धेत स्वतःची पानं झाकून खेळली, सगळ्या खेळात एकदाच बघितली, आणि जिंकली. दुसरे कधी वाढवतात, कधी कचरतात, एवढ्यावरच.

दुसरी गोष्ट क्रिस फर्ग्युसन यांची. ते संगणकशास्त्रातले डॉक्टरेट, २००० सालचे जगज्जेते. २००६ मध्ये त्यांनी ठरवलं, शून्यापासून सुरुवात करून दहा हजार डॉलर करून दाखवायचे. खिशातला एक डॉलरही घालायचा नाही, म्हणजे आरंभ फुकटच्या स्पर्धांतूनच. सुरुवातीला मिळालेले एक-दोन डॉलर पुन्हा पुन्हा शून्यावर आले. जगज्जेता असून! पण सुमारे सोळा महिन्यांत त्यांनी ते केलं. स्वतःला घालून घेतलेले नियम असे : जवळ असेल त्याच्या पाच टक्क्यांहून जास्त घेऊन टेबलावर बसायचं नाही, मोठ्या स्पर्धेत तर दोनच टक्के. आणि जिंकता जिंकता टेबलावरची रक्कम एकूण पुंजीच्या दहा टक्क्यांवर गेली, की उठायचं. जिंकत असलो तरी उठायचं!

"म्हणजे फुकटात शिकता येतं की," मी म्हटलं.

"त्यांचं वेगळं आहे गं आत्या."

वेगळं आहे खरंच, पण काय वेगळं आहे? फर्ग्युसन यांना फुकटच्या स्पर्धेनं काही शिकवलं नाही, येत असलेलं ते तिथं घेऊन गेले. आणि त्यांची ती टक्केवारी ऐकताना मला आपल्या श्रावकाचं परिमाण व्रत आठवलं. एवढंच ठेवीन, एवढंच वापरीन, ही रेघ माणूस आपली आपण ओढतो. जुगाराला व्रताच्या पंगतीत बसवायचा माझा हेतू नाही. इतकंच म्हणते, की ज्या टेबलावर कुणाचंच काही जात नव्हतं, तिथं या माणसानं आपलं काहीतरी जाईल अशी सोय केली. बाकीचे फुकट खेळत होते, ते एकटे मोजून खेळत होते. महिना संपत आल्यावरच्या मूठभर चिंचोक्यांसारखं. दुसरं म्हणजे उठणं. धर्मराजाचं काय चुकलं? फासे टाकायचं कसब कमी पडलं हे खरंच. पण त्याहून कमी पडलं ते उठायचं कसब.

तिसऱ्या दुपारी भाच्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. मी जपून खेळले, वाईट पानं टाकत गेले. तासभर टिकले. मग एका डावात हातात काही नसताना मी चिप्स वाढवल्या. थाप! समोरच्यानं पानं टाकली. आणि मला इतका आनंद झाला, की मी दचकले. न पाहिलेल्या माणसाला फसवलं म्हणून मी पाटावर बसल्या बसल्या हसत होते. पुढच्याच थापेला कुणीतरी पाहून घेतलं आणि मी बाहेर.

"इथं ब्लफ चालत नाही," भाचा म्हणाला. "घाबरतच नाही कुणी. खरे पैसे असले की माणूस घाबरतो, मग त्याला हलवता येतं. ती खरी स्किल."

हे ऐकलं आणि चार दिवस जे हाताला लागत नव्हतं ते लागलं. थाप हा या खेळाचा खोडसाळपणा नाही, गाभाच आहे. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात पोकरचं गणित मांडलं, त्यातही थापेला तिची रीतसर जागा आहे. पण थाप लागू पडायला समोरच्याच्या पोटात भीती हवी. म्हणजे फुकटच्या स्पर्धेत जे कौशल्य बिघडतं, ते दुसऱ्याच्या भीतीवर चालणारं. 'माझा हात बिघडला' या तक्रारीचा सरळ अर्थ असा, की समोर घाबरलेला माणूस मिळत नाही. आणि मांडवीत मिळतो. घराचा हप्ता, बहिणीच्या लग्नाचे पैसे, जे काही असेल ते टेबलावर ठेवून बसलेला.

मग फुकटात काही सुधारत नाही का? सुधारतं. पानं टाकता येणं. शंभरातल्या ऐंशी डावांत गप्प बसता येणं. बरोबर खेळून हरल्यावर न चिडता पुढचा डाव तितक्याच बरोबर खेळणं, कारण निर्णय चांगला होता की नाही हे त्या एका डावाच्या फळावरून ठरत नाही. हे शेवटचं तर फुकटच्या टेबलाइतकं कठोरपणे दुसरीकडं कुठं शिकायला मिळेल असं वाटत नाही. तिथं चांगल्या खेळाला फळ मिळेलच याचा भरवसाच नाही. ही सगळी कौशल्यं स्वतःला आवरायची आहेत. त्यांना ना दुसऱ्याची भीती लागते, ना पैसा. माझं उत्तर असं : फुकटचा डाव स्वतःवरचा ताबा वाढवू शकतो, दुसऱ्यावरचा कमी करतो. हात बिघडला की सुधारला, हे तुम्हाला कशावर ताबा हवा होता त्यावर ठरतं.

तरी एक गोष्ट राहतेच. 'फुकट' हा शब्दच खोटा आहे. त्या तिसऱ्या दुपारी मी खेळायला बसले तेव्हा उन्हं परसात होती, उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाहेर पडल्यावर भाच्याच्या आणखी दोन स्पर्धा बघत बसले ना! सामायिकाला बसायचं तर अठ्ठेचाळीस मिनिटं मला जड जातात, गुडघे दुखतात, गॅसवर काय ठेवलंय ते आठवतं. इथं तीन तास कसे गेले कळलं नाही. पैसे गेले असते तर निदान मोजले असते. वेळ आपण पगारातून घालत नाही म्हणून तो गेल्याची पावती मिळत नाही. आणि ओब्रेस्टाडची गोष्ट भाचा कौतुकानं सांगत होता, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. पंधराव्या वर्षी ती त्या दारातून आत जाऊ शकली, कारण दार फुकट होतं. ती लंडनपर्यंत गेली म्हणून नाव कळलं. तिच्याबरोबर त्या दारातून आत गेलेल्या बाकीच्या पोरांचं काय झालं, ते कोण सांगणार?

भाऊबीजेच्या दिवशी ओवाळून झाल्यावर मी त्याला म्हटलं, "पप्पांनी विचारलं तर मी खरं तेच सांगणार. मला थाप मारता येत नाही असं नाही, परवा बघितलंस तू. पण घरात तो डाव मी मांडणार नाही. जायचं तर त्यांना सांगून जा. तू कमावता आहेस, पैसे तुझे आहेत."

तो चिडला. "कायद्यानं गोव्यात चालतं, आत्या."

"चालू दे की. कायद्याचं मी म्हणतच नाही. तूच म्हणालास, तिथं लोक घाबरलेले असतात म्हणून खेळ जमतो. त्यांच्यातला एखादा तुझ्या पप्पांच्या वयाचा असेल, एवढं लक्षात ठेवून बस."

तो काही बोलला नाही. त्या खेपेस गेला नाही, हे खरं. पण ज्या मित्राच्या गाडीनं चोर्ला घाट उतरायचा होता, तो मित्रच आयत्या वेळी आजारी पडला होता. त्यामुळं मी जिंकले असं म्हणायची सोय नाही. जाताना त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आत्या, तू पानं चांगली टाकतेस हं."

परवा त्याचा फोन आला होता. फुकटच्या स्पर्धा अजून खेळतो, पण आठवड्याला एकच, आणि बसताना घड्याळ लावतो म्हणाला. गजर झाला की स्पर्धा कुठंही असो, उठतो. जिंकत असताना उठणं फार जड जातं, म्हणाला.

म्हटलं, जाऊ दे जड. तेच शिकायचं आहे.