वाटेत रात्र पडली

॥ रामकृष्ण हरि ॥

आज एका इंग्रजी शब्दाचा विचार करू. कोणी म्हणेल, 'महाराज, इथे इंग्रजीचे काय काम?' अहो, सोने परक्या गावच्या धुळीत सापडले म्हणून ते कोणी टाकून देतो काय?

शब्द आहे 'बिनाइटेड'. 'नाइट' म्हणजे रात्र. 'बि' हा उपसर्ग पुढे लागला की रात्रीने वेढलेला, असा अर्थ होतो. सोळाव्या शतकात हा शब्द वाटसरूला लावीत. मुक्काम दूर राहिला आणि दिवस बुडाला, तो 'बिनाइटेड'. यात निंदा कुठे आहे? विलायतेत डोंगर चढणारे आजही याच अर्थाने तो वापरतात.

पुढे सतराव्या शतकात हा काळोख बाहेरून आत शिरला. मिल्टन कवीने १६३४ च्या 'कोमस' या नाट्यकाव्यात भर दुपारी चालणाऱ्यालाही हा शब्द लावला. कारण रात्र त्याच्या अंतःकरणात होती. अज्ञानी हा अर्थ तो असा. इथवरही ठीक. अज्ञान ही रात्रच आहे, हे आपले संत सांगतच आले.

पण मग शब्दाला अहंकार चिकटला. रेजिनाल्ड हेबर या पाद्र्याने १८१९ साली धर्मप्रसारासाठी एक गीत रचले. त्यात परदेशच्या लोकांना हाच शब्द लावला, आणि त्या देशांत हिंदुस्थानही होता. तेव्हा त्याने हा देश पाहिलाही नव्हता! कलकत्त्याचा बिशप होऊन तो आला १८२३ साली. इंग्रज अंमलदार तर मद्रास इलाख्यालाच 'बिनाइटेड' म्हणून हिणवीत. वाटसरूची कीव करणारा शब्द असा शिवी होऊन बसला.

आता इंग्रजांना हसू नका. आपण काय करतो? चार एकादश्या केल्या, गळ्यात माळ आली, की शेजारी 'अज्ञानी' दिसू लागतो. माळ न घालणारा सून-मुलगा 'अंधारात' दिसतो. बाबांनो, दुसऱ्याची रात्र मोजणाऱ्याच्या पायाखाली उजेड कुठला?

ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात काळोख जावा असे मागितले, पण तो अमक्याचा जावा असे बोट दाखविले नाही.

वारीत कधी मुक्कामाला पोचण्याआधी अंधार पडतो. तेव्हा कंदीलवाला मागच्याला 'आंधळ्या' म्हणतो काय? तो थांबतो, कंदील मागे धरतो, आणि म्हणतो, 'माउली, इथे खड्डा आहे, जपून या.' त्यालाही ठाऊक असते की रात्र दोघांवरही पडली आहे.

म्हणून तो शब्द पहिल्या अर्थानेच जवळ ठेवा, आणि आधी स्वतःला लावा. 'देवा, वाटेत रात्र पडली' एवढे म्हणता आले की प्रार्थना झाली. दुसऱ्याला तो लावावासा वाटला, तर आधी हातात कंदील घ्या.

॥ रामकृष्ण हरि ॥