उंबरठ्यावरचा डोळा

दुसऱ्याच्या वस्तूचा उपभोग घ्यावा, पण तीवर ओरखडा उमटू देऊ नये, हा भाडेकरूचा धर्म कायद्याने फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. संपत्ति-हस्तांतरणाच्या १८८२ सालच्या कायद्याचे १०८ वे कलम म्हणते की, रास्त वापराने होणारी झीज सोडली तर जागा घेतली तशी परत करावी. मालकाच्या संमतीवाचून कायमचे बांधकाम करू नये. आणि आपण जोडलेली वस्तू काढून न्यावयाची झाल्यास जागा पूर्वस्थितीस आणावी. ‘भिंतीला भोक पाडावयाचे नाही’ ही घरमालकांची नित्याची अट म्हणजे या कलमाचेच घरगुती भाषांतर होय.

आता दारावरच्या कॅमेऱ्याच्या घंटेने ही अट अक्षरशः पाळून दाखविली आहे. ही घंटा बॅटरीवर चालते, म्हणून तारा ओढाव्या लागत नाहीत. ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने चौकटीला लावता येते, दाराच्या कडेला पकडीने आवळता येते, किंवा दाराला मुळातच असलेल्या भिंगाच्या छिद्रात बसविता येते. जागा सोडताना पट्टी केस वाळविण्याच्या यंत्राने ऊन करावी आणि मागून दोरा ओढून सोडवावी, की झाले! आमच्याकडचा पाऊस आणि खारी हवा यांपुढे ही पट्टी कितपत तग धरते, हा प्रश्न निराळा. चुन्याच्या सफेदीवर ती लावणाऱ्याने तर घंटा आणि सफेदी दोन्ही एकदमच जमिनीवर पाहण्याची तयारी ठेवावी. गुळगुळीत चौकट स्पिरिटने पुसून, कोरडी करून लावली तर निभावते.

परंतु भिंत शाबूत राहिली म्हणजे कोणाचीच हानी झाली नाही, असे म्हणता येईल काय? आम्हांस या प्रश्नाकडे वळविले ते तेरेखोलच्या एका वृद्ध बाईंनी. दवाखाना जवळ हवा म्हणून त्यांनी म्हापशास भाड्याची सदनिका घेतली. मुलगा आखातात नोकरीस. आई एकटी, दार वाजले की पुढचामागचा विचार न करता उघडणारी. तेव्हा सुट्टीवर आला असता त्याने अशी एक घंटा चौकटीला चिकटविली आणि तिचे चित्र आपल्या फोनवर घेतले. हेतूत खोट काढण्यासारखे काहीच नव्हते. काही महिन्यांनी बाई आम्हांस म्हणाल्या, “वकीलबाब, कोण येता तें म्हाका कळटा, पूण हांव खंय वतां तें ताका कळटा.” तक्रारीचा सूर नव्हता. केवळ एक वस्तुस्थिती त्यांनी आमच्यापुढे ठेवली होती.

ज्यांनी तेरेखोल पाहिले आहे त्यांस या उद्गाराचे मर्म चटकन कळेल. गोव्याचा हा तुकडा नदीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राच्या कुशीत पडला आहे. केरीहून फेरीने यावे, नाहीतर आरोंदा-रेडीच्या वाटेने वळसा घ्यावा. वर टेकडीवर किल्ला. नदीच्या मुखातून कोण आत येतो हे पाहण्यासाठीच तो उभा राहिला. तो पोर्तुगिजांनी १७४६ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रह्यांनी त्यावर तिरंगा चढविला, आणि पुढे तेथे प्रवाशांचे हॉटेल झाले. किल्ल्याची नजर मुखावर होती. परंतु ज्याच्यावर ती होती त्यालाही किल्ला दिसत असे, आपण पाहिले जात आहोत हे त्यास ठाऊक असे. खाली गावात तर पाहणे हे उभयपक्षी होते. पाहुणा अंगणात उभा राहून हाक मारी, आतला माणूस सोप्यावर येई, आणि दोघांचीही तोंडे एकमेकांस दिसत. पदेर भोंपू वाजवीत येई, मासळीवाली पायरीवर पाटी उतरून बसे. तिने काय बोलावे यावर कोणाचा पहारा नव्हता.

कॅमेऱ्याच्या घंटेने हा उभयपक्ष मोडला आहे. दाराशी उभ्या असलेल्याने पाहिले जावे आणि पाहणारा मात्र शेकडो कोसांवर असावा, अशी ही योजना. त्यातही ती केवळ घंटा दाबली असताच जागी होत नाही. हालचाल जाणवली की चित्र घेते. सदनिकेच्या अरुंद वाटेत समोरचे दार सहसा तिच्या टप्प्यात येतेच. समोरच्या घरातील मुलगी किती वाजता परतली, त्यांच्याकडे कोण आले, मोलकरणीशी काय बोलणे झाले, हे सारे अशा माणसाच्या हाती पडते की ज्यास ते नको आहे. नको असलेले ज्ञान हाती ठेवणे हाही एक प्रकारचा ताबा आहे, असे आम्हांस वाटते. मुंडकाराचे घर भाटकाराच्या जमिनीत असले तरी उंबरठा त्याचा, हे पेडण्यातील माणसास १९७५ च्या मुंडकार कायद्याआधीही ठाऊक होते. भिंत घरमालकाची, दार भाडेकरूचे. पण दोन दारांमधली वाट कोणाची?

कायद्याकडे पाहावे तर तो येथे जरा आखडता हात घेतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणास मूलभूत हक्क म्हटले खरे. परंतु त्या हक्काचा रोख प्रामुख्याने राज्यसंस्थेकडे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा तर माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीस आपल्या कक्षेबाहेरच ठेवतो. इंग्लंडात २०२१ साली ऑक्सफर्डच्या न्यायालयापुढे शेजाऱ्यांमधला असाच वाद आला. तेथे न्यायाधीशांस चित्रापेक्षा आवाज अधिक आक्षेपार्ह वाटला. कारण यंत्राचा कान त्याच्या डोळ्याहून लांब पोचत होता. हा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो. चोर ओळखण्यास चेहरा पुरतो. शेजाऱ्याचे संभाषण त्यासाठी लागत नाही.

याचा अर्थ घंटा लावूच नये असा कोणी करील, तर तो आमचा अभिप्राय नव्हे. एकट्या स्त्रीची भीती खरी असते, आणि तिला सभ्यतेचे पाठ देणारा बहुधा स्वतः भरल्या घरात राहत असतो. आमचे म्हणणे एवढेच की, भाडेकरूने घरमालकास विचारावे तसे समोरच्या दारासही विचारावे. आणि ज्या माणसाच्या रक्षणासाठी यंत्र आणले त्या माणसास तर सर्वांआधी. मुलाने आईस विचारले नव्हते. प्रेमापोटी विचारावयाचे राहून गेलेल्या गोष्टी वकिलांच्या कपाटात पुष्कळ सापडतात.

पुढे मुलाशी फोनवर बोलणे झाले. तो समजूतदार निघाला. घंटेखाली पाचर बसवून तिचे तोंड आपल्या पायपुसण्याकडे वळविण्यात आले, आवाज टिपणे बंद झाले, आणि घंटा दाबल्याखेरीज चित्र घ्यावयाचे नाही असे ठरले. समोरच्या बिऱ्हाडास बाईंनी आत बोलावून आपल्या फोनवर काय दिसते ते दाखविले. घरमालकांचे म्हणणे मात्र अद्याप एवढेच आहे की, पट्टी काढताना चौकटीचा रंग निघता कामा नये.