फवारणी आणि प्रमाद

शेती हिंसेवाचून होत नाही, ही गोष्ट भारतीय धर्मचिंतनाने कधी लपवून ठेवलेली नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कृषिकर्माला जो दोष दिला आहे, तो लोखंडी फाळाचे लाकूड भूमीला आणि भूमीत राहणाऱ्या जीवांना मारते म्हणून. आणि महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच समजावतो की, नांगरणीत असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव असतो, तेव्हा हिंसेपासून सर्वथा अलिप्त असा माणूस सापडणार नाही. गृहस्थाच्या घरात चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही जीवहत्येची पाच स्थाने असतात, त्यांना शास्त्रात ‘पंचसूना’ म्हणतात, आणि त्यांच्या दोषाच्या परिहारासाठी रोजचे पंचमहायज्ञ सांगितले आहेत. अटळ हिंसेची येथे मुभा आहे, पण ती फुकट मिळालेली नाही. तिच्यामागे रोजचे देणे लावून दिलेले आहे.

कीटकनाशकांच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद याच परंपरेचा आधार घेऊ शकतो: फाळाखाली गांडूळ मेले तर चालते, मग फवाऱ्याखाली अळी मेली तर काय बिघडले? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९५३ मध्ये भारतात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने मरतात असा सरकारी अंदाज होता. घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची मोहीम चालल्यानंतर साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास खाली आली. डास वाचावेत म्हणून ही फवारणी नाकारायला हवी होती, असे म्हणणाऱ्या अहिंसेला त्या तापाने फणफणलेल्या घरांत उभे राहता आले नसते. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना आयुर्वेदालाही सोडलेले नाही, कारण एका जीवाला वाचवण्यासाठी दुसऱ्या जीवाचा घात करायला तोही सांगतो. या आक्षेपाने उपचार थांबत नाहीत. पण उपचारासाठी केलेली हिंसा हिंसाच राहते, एवढे तो बजावतो.

म्हणून खरा प्रश्न किडीला मारावे की नाही असा नसून, कोणती हिंसा अटळ आणि कोणती नुसती सोयीची, हे कशावरून ठरवायचे असा आहे. यासाठी सर्वांत धारदार साधन जैन आचारशास्त्राने दिले आहे. जैन विचारवंत हिंसेचे चार प्रकार मानतात: जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूनेच केलेली ती ‘संकल्पी’, स्वयंपाक, झाडलोट अशा घरकामात होणारी ती ‘आरंभी’, शेती-व्यापारासारख्या उपजीविकेत होणारी ती ‘उद्योगी’, आणि आक्रमणाचा प्रतिकार करताना घडणारी ती ‘विरोधी’. यांपैकी संकल्पी हिंसा श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, पूर्णपणे सोडायची असते आणि बाकीच्या तीन शक्य तितक्या कमी करायच्या असतात. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या केली आहे, तिच्या मुळाशी प्राणहरणाबरोबर प्रमाद आहे. प्रमाद म्हणजे बेसावध, कषायांच्या, म्हणजे क्रोध-लोभादी विकारांच्या, आहारी गेलेली वृत्ती. जपून पाऊल टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली जीव सापडला तर त्याला तो दोष लागत नाही आणि बेपर्वाईने चालणाऱ्याला एकही जीव न मरता लागतो, इतक्या टोकापर्यंत हा विचार नेलेला आहे.

ही कसोटी कपाशीच्या शेतात लावून पाहण्यासारखी आहे. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की आतून पाकळ्या जाळीने एकमेकींना जोडते, फूल उमलत नाही आणि मिटलेल्या गुलाबासारखे दिसते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. कृषिशास्त्राने या किडीसाठी ‘आर्थिक नुकसान पातळी’ ठरवली आहे, म्हणजे किडीने केलेले नुकसान उपायाच्या खर्चाहून जास्त होऊ लागते ती मर्यादा: कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडावेत, किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली दिसावीत, त्याआधी फवारणी करू नये. मर्यादेच्या खाली किडीचाही पिकात वाटा आहे, असे हा नियम न बोलता मान्य करतो. शिवाय तो माणसाला आधी शेतात फिरून पाहायला लावतो, आणि पाहून, मोजून, प्रतिकारासाठी केलेली फवारणी विरोधी हिंसेत बसवता येते. ठरावीक दिवस उलटले म्हणून, शेजाऱ्याने मारले म्हणून किंवा दुकानदाराने दोन-तीन बाटल्या एकत्र बांधून दिल्या म्हणून केलेली फवारणी मात्र तिथे बसत नाही. तिच्यात शत्रू समोर आलेलाच नसतो.

रसायनाचे स्वरूपच या बेसावधपणाला वाव देते. नांगराची हिंसा नांगराबरोबर थांबते. विषाची तशी थांबत नाही. ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके मज्जातंतूंमधील ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात, आणि हे विकर जसे अळीत असते तसेच माणसातही असते, त्यामुळे ते विष कोणाला मारायचे हे ओळखत नाही. इमिडाक्लोप्रिडसारखे निओनिकोटिनॉइड बियाण्यालाच चोळले जाते, रोपाच्या रसातून सर्वत्र पोचते आणि मावा-तुडतुडे आले नाहीत तरी तिथेच असते. ते परागात उतरले तर त्याची झळ मधमाशीला बसते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या वर्गातील तीन रसायनांचा उघड्या शेतातील वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. कीड येण्याआधीच, ती येईल की नाही हे न पाहता मांडून ठेवलेले हे मरण शास्त्रातील चारही प्रकारांना अवघड जाते. पण प्रमादाच्या कसोटीला ते चुकवू शकत नाही.

सेंद्रिय उपायांनी हा प्रश्न सुटतो असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. निंबोळी अर्क किडीची वाढ खुंटवून तिला मारतो, आणि ट्रायकोग्रामा ही इवली गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात अंडे घालते, मग तिची अळी ते अंडे आतून खाऊन टाकते. हे उपाय श्रेयस्कर आहेत ते अहिंसक आहेत म्हणून नव्हे, तर त्यांची हिंसा बरीचशी आपल्या लक्ष्यापाशी थांबते म्हणून.

दोष कोणाला, हा प्रश्न यापुढे टाळता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पीक उंच वाढलेले होते आणि फवारा थेट तोंडावर येत होता. जैन विचारात कर्म स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि त्याला अनुमोदन देणे या तिन्हींचा दोष धरला जातो. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असे जे पंधरा व्यवसाय सांगितले, त्यांत ‘विषवाणिज्य’ आहे, आणि त्यात विषाबरोबर शस्त्रे, नांगर आणि हरताळ, म्हणजे आर्सेनिकचे पिवळे खनिज, यांचा व्यापारही येतो. नांगर विकणे आज कोणी पाप मानणार नाही, आणि मानूही नये. पण विकणाऱ्याचा हिशेब वापरणाऱ्याच्या हिशेबापासून तोडता येत नाही, हा त्या यादीमागचा आग्रह अजून लागू आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले धान्य खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली, त्यानंतरच्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण छापला जाऊ लागला. पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराच्या हाती मात्र बहुधा पाण्यात कालवलेले द्रावण येते, डबा नव्हे. आणि लाल त्रिकोण पाहून ते विष निवडणारे, खपवणारे व त्याच्या पाठीवर चढवणारे हात दुसरेच असतात.