पहिला क्रमांक कुणाचा?

डिसेंबर आला की खेळाडू वर्षभरातल्या आवडत्या व्हिडिओ गेमची क्रमवारी लावतात. ही निव्वळ आवड, की निवाडा?

2024च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये मुख्य पुरस्कार ‘ॲस्ट्रो बॉट’ला मिळाला, तिथे परीक्षक मंडळांच्या मतांचे वजन 90 टक्के होते. केवळ खेळाडूंच्या मतांवर ठरणारा पुरस्कार मात्र ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ने नेला. सोहळा एक, पहिले दोन.

अशाच पेचावर तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1757मध्ये अभिरुचीचा निकष सरावलेल्या, तुलना करू शकणाऱ्या, पूर्वग्रहमुक्त परीक्षकांच्या एकमतात शोधला. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने 1790मध्ये वेगळी रेघ ओढली: ‘मला हे रुचते’ म्हणणारा कुणाची संमती मागत नाही; ‘हे सुंदर आहे’ म्हणणारा सिद्ध करू शकत नसला तरी सर्वांकडून तिची अपेक्षा ठेवतो.

खेळाडूची यादी या दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, आणि तेच तिचे बळ आहे. एकाच निर्मात्याने घडवलेल्या ‘बलाट्रो’ला अव्वल ठरवणारा ‘मजा आली’ म्हणून थांबत नाही. पोकरच्या ओळखीच्या नियमांत जोकर मिसळले की प्रत्येक डाव कसा पालटतो, हे तो दाखवतो. ‘ॲस्ट्रो बॉट’चा पाठीराखा मग उड्यांच्या अचूकतेचा आणि कंट्रोलरच्या कंपनांतून हाताला जाणवणाऱ्या जमिनीच्या पोताचा दाखला देतो.